डिस्कवरची जागा : एका स्क्रिप्टच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

शनिवारी रात्री डेटाबेसचा बॅकअप अर्ध्यावर थांबला. कारण अगदीच बाळबोध: ज्या सर्व्हरवर तो उतरतो त्याच्या डी ड्राइव्हवर जागाच उरली नव्हती. एरर आल्याची मेल वेळेवर पडली होती, पण रविवारी ती कोण उघडतंय? आज आल्या आल्या बॅकअपच्या सहा जुन्या फायली उडवल्या, जॉब पुन्हा लावला, तासाभरात निभावलं.

निभावलं खरं, पण ड्राइव्ह काही एका रात्रीत भरत नाही. महिनाभर तो रोज थोडा थोडा भरत होता आणि ऑफिसची मशिन्स सांभाळणाऱ्या आम्हा तिघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. दर सोमवारी सगळ्या मशिन्सची जागा बघायची हा नियम आजवर तीनदा केला आणि तीनदा बारगळला. ४३ मशिन्स आहेत: ३१ विंडोज, ११ लिनक्स, १ मॅक. रिमोट डेस्कटॉपने एकेकात शिरून बघायचं तर मशीनमागे दोन मिनिटं धरली तरी दीड तास गेला. असलं काम माणूस पहिल्या आठवड्यात नेटाने करतो, दुसऱ्यात उरकतो आणि तिसऱ्यात विसरतो.

नागिओस, झॅबिक्स अशी मशिन्सवर नजर ठेवणारी तयार साधनं आहेत. पण त्यांचा सर्व्हर उभा करा, मशिन्सवर त्यांचा एजंट, म्हणजे माहिती कळवणारा छोटा प्रोग्रॅम, टाका, मग त्या सर्व्हरचीच डिस्क भरली की ती साफ करत बसा. मला सध्या एवढंच हवंय: एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल, आणि तिने रोज सकाळी काढलेला एक तक्ता. त्यात मशीन, ड्राइव्ह, एकूण जागा, मोकळी जागा, टक्का. सगळ्यात अडचणीतला ड्राइव्ह सगळ्यात वर. आणि कुठल्याही मशीनवर नवं काही इन्स्टॉल करायचं नाही.

४ जून, मंगळवार

विंडोजपासून सुरुवात. डब्ल्यूएमआय म्हणजे मशीनची माहिती विचारायची विंडोजची सोय. तिच्यात विन३२_लॉजिकलडिस्क नावाचा क्लास असतो. त्याला विचारलं की प्रत्येक ड्राइव्हचा साइझ आणि फ्रीस्पेस बाइटमध्ये मिळतो. पॉवरशेल या विंडोजच्या कमांडच्या भाषेत गेट-सिमइन्स्टन्स एवढी एक ओळ पुरते.

पहिल्याच रनला, तेही माझ्या स्वतःच्या मशीनवर, शून्याने भागल्याची एरर. सीडी ड्राइव्ह रिकामा असला की त्याचा साइझ कोराच येतो. शिवाय झेड अक्षराने जोडलेला फाइल सर्व्हरचा फोल्डरही यादीत हजर. दोन्हीवर उपाय एकच: ड्राइव्हटाइप ३ असलेलेच मागवायचे. २ म्हणजे पेनड्राइव्हसारखं काढता-घालता येणारं, ३ म्हणजे मशीनमधली पक्की डिस्क, ४ नेटवर्कवरचा, ५ सीडी. ही चाळणी क्वेरीतच लावली. नेटवर्कवरून सगळं ओढून आणायचं आणि मग इथे निवडत बसायचं यात शहाणपण नाही.

दुपारी शेजारच्या टेबलावरून शंका आली. "पाचशे जीबीची डिस्क आहे, तुझी स्क्रिप्ट ४६५ दाखवतेय. पस्तीस जीबी कुठे गेले?" कुठेच गेले नाहीत. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज धरतं १०२४ चा घन, म्हणजे १,०७,३७,४१,८२४. पॉवरशेलमधला 'जीबी' हा प्रत्ययसुद्धा १०२४ चाच. एक टीबीची डिस्क त्यामुळे ९३१ दिसते. तक्त्याखाली ही एक ओळ कायमची लिहून टाकली, नाहीतर दर महिन्याला कुणीतरी हाच हिशेब मागणार.

६ जून, गुरुवार

आज दुसऱ्यांच्या मशिन्सना हात घातला. सर्व्हर पटापट बोलले, डेस्कटॉप एकजात गप्प. कारण सापडायला वेळ लागला नाही. गेट-सिमइन्स्टन्सला दूरच्या मशीनचं नाव दिलं की ती विनआरएम या दुरून विचारणा घेणाऱ्या सेवेमार्फत, ५९८५ पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या त्या क्रमांकाच्या दारातून जाते. सर्व्हरच्या विंडोजमध्ये ही सेवा २०१२ च्या आवृत्तीपासून मुळातच चालू असते, डेस्कटॉपच्या विंडोजमध्ये बंद.

जुनी वाट म्हणजे गेट-डब्ल्यूएमआयऑब्जेक्ट. ती डीकॉम या विंडोजच्या जुन्या पद्धतीने जाते: आधी १३५ पोर्टवर दार वाजवायचं, मग ४९१५२ ते ६५५३५ यांतला जो पोर्ट मिळेल त्यावर बोलायचं. नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं तर ते हसले. "एका तक्त्यासाठी फायरवॉलला सोळा हजार भोकं पाडू? एक पोर्ट मागा, देतो." त्यांचं बरोबरच आहे. शिवाय ती जुनी कमांड पॉवरशेल ६ पासून काढूनच टाकलीय, तेव्हा नवी स्क्रिप्ट तिच्यावर बांधणं म्हणजे उद्याची डोकेदुखी आजच विकत घेणं. ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या विंडोज मशिन्सना एकदम सेटिंग पाठवून, सगळीकडे विनआरएम चालू केलं आणि ५९८५ फक्त माझ्या स्क्रिप्टच्या मशीनसाठी उघडला. पोर्ट एचटीटीपीचा असला तरी डोमेनमध्ये कर्बेरॉसने ओळख पटल्यावर आतला मजकूर एन्क्रिप्ट होऊनच जातो, हे त्यांना दाखवलं तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

एक म्हातारा सर्व्हर मात्र अडून बसला. डीएमटीएफ की काय त्याबद्दल लांबलचक एरर देतो. त्याच्यावरचं विनआरएम दुसऱ्या पिढीचं आहे आणि गेट-सिमइन्स्टन्सला तिसरी लागते. सेशन उघडताना प्रोटोकॉल डीकॉम असं सांगता येतं, तेवढ्या एकासाठी तसं केलं. त्याला निवृत्त करण्याच्या यादीत नाव दोन वर्षांपूर्वीच घातलंय.

७ जून, शुक्रवार

सगळ्या ३१ मशिन्सवर पहिली फेरी. तक्ता छान दिसला. वरिष्ठांना दाखवला, त्यांनाही आवडला. संध्याकाळी निघताना सहज नावं मोजली तर २६.

१० जून, सोमवार

पाच मशिन्स गेली कुठे? बंद होती. बंद मशीनकडून काहीच आलं नाही, उत्तर ठेवायचं व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि रिकाम्यावर फॉरईच लूप, म्हणजे एकेका उत्तरावर तेच काम करणारी फेरी, फिरतच नाही. ओळ तयार झाली नाही, तक्ता पुढे सरकला. स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर येऊन गेल्या होत्या म्हणा, पण तक्ता फाइलमध्ये जातो आणि लाल अक्षरं हवेत.

हजेरीपटावर गैरहजर मुलाचं नाव गाळत नाहीत, नावासमोर खूण करतात. माझा तक्ता नाव गाळत होता. म्हणजे जे मशीन डिस्क भरून गळपटलं असेल तेच नेमकं तक्त्यातून नाहीसं होणार. शनिवारच्या बॅकअपसारखंच.

ट्राय-कॅच घातलं: ट्रायमधलं काम चुकलं तर कॅचमधलं चालतं. आधी ते चालेचना, कारण दूरच्या मशीनने उत्तर न देणं ही पॉवरशेलच्या लेखी काम थांबवण्याजोगी चूक नाही. कॅचपर्यंत गोष्ट पोचतच नाही. एररअॅक्शन स्टॉप असं बजावल्यावर मात्र पकडली जाते. कॅचमध्ये एरर लॉग फाइलमध्ये लिहायची ओळ टाकली. पुन्हा फेरी, नावं ३१. बरं वाटलं.

१२ जून, बुधवार

बरं वाटायची घाई झाली. आजच्या तक्त्यातल्या दोन ओळी इथे जशाच्या तशा उतरवून ठेवतो:

लेखा-०४ | सी | ४६५.१ | ३८.२ | ८.२
लेखा-०५ | सी | ४६५.१ | ३८.२ | ८.२

दोन्ही मशिन्स एकाच खरेदीतली, तेव्हा एकूण जागा सारखी असणं ठीक. पण मोकळी जागाही दशांशापर्यंत सारखी? लेखा विभागात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "पाच नंबर ना? तो सोमवारपासून बंदच आहे की. त्याचा पॉवर सप्लाय गेलाय, तुमच्याच माणसाने उघडून ठेवलाय."

म्हणजे माझी स्क्रिप्ट झाकण उघडं पडलेल्या मशीनची मोकळी जागा सांगत होती.

झालं असं. लूपच्या प्रत्येक फेरीत मशीनचं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो. सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही की ते व्हेरिएबल रिकामं व्हायचं. एररअॅक्शन स्टॉप लावल्यावर ती ओळ मधेच तुटते, उजवीकडून काही येण्याआधीच. म्हणून डावीकडचं व्हेरिएबल रिकामंही होत नाही, त्यात आधीच्या मशीनचं उत्तर तसंच पडून राहतं. कॅचने इमानदारीत लॉग लिहिला आणि त्याखालचा कोड शिळ्या उत्तराला नव्या मशीनचं नाव चिकटवून मोकळा झाला. सोमवारी नावं ३१ भरली ती अशी. मी दुरुस्ती केली नव्हती, रिकाम्या बाकांवर शेजारच्या मुलांच्या सह्या घेतल्या होत्या.

लॉग फाइल उघडली असती तर तिथे लेखा-०५ ची एरर स्पष्ट होती. ती मी उघडली नाही, कारण तक्ता पूर्ण दिसत होता. ओळी कमी असत्या तर शंका आली असती. पूर्ण तक्त्यावर कोण शंका घेतं?

बदल दोन केले. फेरीच्या सुरुवातीलाच व्हेरिएबल रिकामं करायचं, आणि ओळ तयार करण्याचं कामही ट्रायच्या आत घ्यायचं. कॅचमध्ये त्या मशीनच्या नावाने वेगळी ओळ: जागेच्या रकान्यात आकडा नाही, 'उत्तर नाही' हे शब्द आणि पुढे कारण. शून्य लिहायचं नाही. शून्य हा आकडा आहे आणि त्याचा अर्थ डिस्क भरली असा होतो. संध्याकाळी मुद्दाम तीन मशिन्सच्या नेटवर्कच्या वायरी काढून फेरी घेतली. तिन्ही 'उत्तर नाही' आली, तेव्हा घरी गेलो.

१३ जून, गुरुवार

आधी पिंग करून, म्हणजे मशीन जागं आहे का ते हाकेने पाहून, मगच विचारावं का, असा सल्ला मिळाला. करून पाहिलं, काढून टाकलं. दोन सर्व्हरवर पिंग मुद्दाम बंद आहे आणि ते ठणठणीत चालतात. उलट एक मशीन पिंगला उत्तर देतं पण त्याचं डब्ल्यूएमआय बिघडलंय. जे हवंय तेच विचारावं.

वेळ मात्र वाचवायला हवा होता. एकामागून एक विचारलं तर बंद मशीनवर स्क्रिप्ट ताटकळते, पूर्ण फेरीला सहा मिनिटं लागत होती. गेट-सिमइन्स्टन्सला सगळी नावं एकदम दिली तर ती समांतर विचारते आणि प्रत्येक उत्तरावर मशीनचं नाव असतं. मग मूळ यादी हातात धरून कोण आलं, कोण नाही ते ताडून पाहायचं. आता फेरी एक मिनिटाच्या आत. शिळ्या व्हेरिएबलची भानगडही मुळातून गेली, म्हणजे कालची माझी दुरुस्ती एकच दिवस जगली.

१४ जून, शुक्रवार

लिनक्स. इथे डिस्कची जागा सांगणारी डीएफ आहेच, १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासूनची कमांड. तिला दोन पर्याय हवेतच. वजा-पी, म्हणजे एका फाइलसिस्टिमची माहिती एकाच ओळीत येते. नाहीतर काही जुन्या मशिन्सवर डिव्हाइसचं नाव लांब असलं की ओळ मोडते आणि रकाने वेचणाऱ्या ऑक या कमांडचे रकाने सरकतात. आणि वजा-के, म्हणजे सगळीकडे १०२४ बाइटचाच हिशेब. टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती) आणि स्क्वॉशएफएस (दाबून बसवलेली) या फाइलसिस्टिम वगळल्या. स्नॅप या लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायच्या पद्धतीची पॅकेजं स्क्वॉशएफएसमध्ये येतात, ती फक्त वाचण्याजोगी असल्यामुळे कायम १०० टक्के भरलेली दिसतात. पहिल्या फेरीत तक्त्याच्या वरच्या चौदा ओळी त्यांच्याच होत्या.

शिरायला एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सुरक्षित वाट. पासवर्ड नाही, किल्लीची फाइल. बॅचमोड चालू ठेवला, म्हणजे किल्ली चालली नाही तर पासवर्ड विचारत थांबत नाही, सरळ अपयश कळवते. ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये या किल्लीपुढे कमांड बांधून टाकली: ही किल्ली घेऊन कोणीही आलं तरी डीएफच चालेल, दुसरं काही नाही. किल्ली चोरीला गेली तर चोराला आमच्या डिस्क किती भरल्या तेवढं समजेल.

१८ जून, मंगळवार

यादीत ११ नावं. व्हाइल-रीड लूपने एकेक नाव वाचायचं, एसएसएच करायचं, ओळ लिहायची. स्क्रिप्ट चालते, एरर नाही, संपते, आणि तक्त्यात मशीन एकच. पहिलं.

यादीचा क्रम बदलला, तरी पहिलंच. लूपमध्ये एसएसएचच्या जागी नुसतं नाव छापलं, तर ११ च्या ११ छापली गेली. म्हणजे यादी नीट, लूप नीट, आणि एसएसएच घातली की यादी संपते.

दोन तास गेले. शेवटी उमगलं ते असं: लूप यादी स्टँडर्ड इनपुटमधून, म्हणजे प्रोग्रॅमला मजकूर आत देणाऱ्या नेहमीच्या वाटेने वाचतो. एसएसएचही आपलं स्टँडर्ड इनपुट दूरच्या मशीनला पोचवण्यासाठी उघडं ठेवते, आणि तिचं इनपुट म्हणजे तीच यादी. पहिलं नाव लूपने वाचलं, उरलेली दहा एसएसएचने गिळून पहिल्या मशीनकडे पाठवली. तिथे डीएफला इनपुटशी काही देणंघेणं नाही, तिने ती टाकून दिली. लूप परत येतो तर यादी रिकामी. त्याच्या दृष्टीने काम पूर्ण.

उपाय एका अक्षराचा: एसएसएचला वजा-एन. इनपुट बंद, यादी शाबूत.

इथेही हजेरी घालून ठेवली. यादीतली नावं किती आणि तक्त्यातली किती हे शेवटी मोजायचं, जुळलं नाही तर तक्त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं. विंडोजवर हे करून झालं असूनही लिनक्सवर करायचं सुचलं नव्हतं. दोन्हीकडे तीच खोड: उत्तर न मिळणं आणि सगळं ठीक असणं बाहेरून अगदी एकसारखं दिसतं.

२० जून, गुरुवार

सकाळी तक्ताच नाही. स्क्रिप्ट चाळीस मिनिटं एका चाचणीच्या मशीनवर अडकून होती. रात्री फाइल सर्व्हर बंद करून ठेवला होता, या मशीनवर त्याचा एनएफएस माउंट, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेला फोल्डर, तसाच लोंबकळत होता, आणि डीएफ त्या माउंटची जागा विचारून उत्तराची वाट बघत बसली. मी एसएसएचला पाच सेकंदांचा कनेक्टटाइमआउट दिला होता, पण तो जोडणी होईपर्यंतच लागू. जोडणी झाली होती, पुढे वाट बघायला मर्यादाच नाही.

डीएफला वजा-एल दिलं, म्हणजे फक्त स्थानिक फाइलसिस्टिम. दूरच्या माउंटला ती विचारायलाच जात नाही. शिवाय माझ्या बाजूने अख्ख्या एसएसएचवर टाइमआउटची कमांड, २० सेकंद. त्यात आलं तर आलं, नाहीतर 'उत्तर नाही'.

२१ जून, शुक्रवार

आज स्क्रिप्ट खोटी ठरली, तेही खरं बोलून. एका वेब सर्व्हरवर नवी फाइल लिहिता येईना, एरर 'डिव्हाइसवर जागा नाही'. तक्ता सांगतोय ४१ टक्के मोकळी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

डीएफ वजा-आय चालवल्यावर कारण दिसलं: आयनोड १०० टक्के. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिममध्ये फाइलमागे एक आयनोड, म्हणजे तिची नोंद, लागतो आणि त्यांची संख्या फाइलसिस्टिम बनवतानाच ठरते. नेहमीच्या सेटिंगने दर १६,३८४ बाइटमागे एक. २० जीबीच्या या पार्टिशनवर म्हणून १३,१०,७२० आयनोड. फायली सरासरी १६ केबीपेक्षा लहान असल्या की जागेआधी आयनोड संपतात. इथे वेबसाइटच्या सेशनच्या फायली साठत होत्या, एकेक दीड-दोन केबीची, आणि त्या साफ करणारा जॉब कधीतरी बंद पडलेला. गोदामात जागा भरपूर, पावतीपुस्तकाची पानं संपली.

तक्त्यात आयनोडचा रकाना वाढवला.

त्याच मशीनवर दुपारी दुसरी तक्रार. कोणीतरी ९ जीबीची लॉग फाइल डिलीट केली तरी जागा वाढेना, म्हणून स्क्रिप्टवर पुन्हा आळ. यावेळी स्क्रिप्ट बरोबर होती. फाइलचं नाव गेलं, पण वेब सर्व्हरच्या प्रोसेसने ती अजून उघडी धरली होती. ती सोडेपर्यंत जागा परत मिळत नाही. एलएसओएफला अधिक-एल-१ देऊन अशा नाव पुसलेल्या पण उघड्या फायली दिसतात. सर्व्हिस रीस्टार्ट केली, ९ जीबी परत.

२४ जून, सोमवार

दोन्ही तक्ते एकत्र केले. पॉवरशेलने लिहिलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर शीर्षकाच्या ओळीत नुसती प्रश्नचिन्हं. पॉवरशेल ५.१ ची एक्सपोर्ट-सीएसव्ही मुळात आस्कीमध्ये, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांत लिहिते, तिथे 'मोकळी जागा' कुठून उमटणार? एन्कोडिंग यूटीएफ८ सांगितलं. मग स्क्रिप्टच्या फाइलमधलीच मराठी अक्षरं फुटायला लागली, कारण सुरुवातीला बॉम, म्हणजे एन्कोडिंगची खूण, नसला की ५.१ ती फाइल जुन्या एन्कोडिंगची समजून वाचते. बॉमसकट सेव्ह केली. या दोन गोष्टींत अख्खी सकाळ गेली. शीर्षकं इंग्रजीत ठेवली असती तर पाच मिनिटांचं काम, पण तक्ता लेखा विभागातही जाणार आहे, आणि का म्हणून ठेवू?

क्रमही चुकत होता. ६.२ टक्के मोकळी असलेला ड्राइव्ह ५८.३ च्या खाली. टक्का सुबक दिसावा म्हणून मी तो आधीच मजकुरात बदलला होता, आणि मजकूर पहिल्या अक्षरावरून लागतो. आधी आकड्याने क्रम लावायचा, नटवायचं नंतर.

२६ जून, बुधवार

धोक्याची रेषा कुठे आखायची यावर वाद. मी १० टक्के म्हटलं होतं. पण ४ टीबीच्या डिस्कवर १० टक्के म्हणजे ४०० जीबी, त्यावर लाल रंग लावणं हास्यास्पद. १२० जीबीच्या डिस्कवर १२ जीबी, तिथे एक मोठं अपडेट आलं की संपलं. नुसत्या जीबीवर आखली तर लहान डिस्क कायम लाल. शेवटी असं ठरलं: १० टक्क्यांच्या खाली आणि शिवाय २० जीबीच्याही खाली असेल तर लाल, ५ जीबीच्या खाली गेलं की टक्का न बघता लाल.

लिनक्सच्या ओळींत वापरलेली आणि मोकळी यांची बेरीज एकूण जागेइतकी का येत नाही, हेही विचारलं गेलं. ईएक्सटी४ नेहमीच्या सेटिंगने ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी युजरसाठी, राखून ठेवतं. सिस्टिमच्या डिस्कवर ते हवंच, म्हणजे डिस्क भरली तरी आत शिरून साफसफाई करता येते. पण नुसता डेटा असलेल्या ४ टीबीच्या डिस्कवर २०० जीबी अडवून ठेवण्यात काही हशील नाही. ट्यून२एफएसने तिथे १ टक्का केला. स्क्रिप्ट लिहिता लिहिता मिळालेली ही सगळ्यात स्वस्त जागा.

२८ जून, शुक्रवार

रोज ठरल्या वेळी चालावी म्हणून स्क्रिप्ट क्रॉनमध्ये लावली, हाताने चालते ती क्रॉनमधून चालेना. फाइलच्या नावात तारीख घालायला टक्क्याची चिन्हं वापरली होती आणि क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ. कमांड तिथेच तुटते. तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत नेलं. क्रॉनचा पाथही (कमांड शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो, म्हणून कमांडचे पूर्ण मार्ग लिहिले.

मॅक: त्यावर ॲपलची एपीएफएस फाइलसिस्टिम आहे, एका कंटेनरमधले सगळे व्हॉल्यूम तीच मोकळी जागा वाटून घेतात, म्हणून डीएफमध्ये तीच जागा पाच-सहा ओळींत दिसते. डेटा व्हॉल्यूमची एकच ओळ घेतली.

विंडोजवर एक सुटलेलं सापडलं: ड्राइव्हचं अक्षर न देता एखाद्या फोल्डरवर माउंट केलेली डिस्क विन३२_लॉजिकलडिस्कमध्ये येतच नाही. तिच्यासाठी विन३२_व्हॉल्यूमला विचारावं लागतं. अशी एकच आहे, पण मेलचा सगळा साठा तिच्यावरच.

२ जुलै, मंगळवार

पहिले दोन दिवस सगळ्यांनी तक्ता वाचला. आज एकाने विचारलं, "हिरवं असेल तर मेल कशाला पाठवतोस?" मोह होतो, पण पाठवणार. मेल फक्त अडचणीच्या दिवशी यायची ठरली तर ज्या दिवशी स्क्रिप्टच बंद पडेल तो दिवसही चांगला वाटेल. तडजोड म्हणून मेलच्या विषयातच सगळं लिहिलं: '४३ पैकी ४१ हजर, लाल २'. न उघडता समजतं. आणि मेलमध्ये 'उत्तर नाही' च्या ओळी लालपेक्षाही वर, किती दिवस उत्तर नाही त्या आकड्यासकट.

रोजचा तक्ता जपून ठेवतोय, तेव्हा कालचा आणि आजचा यातला फरकही काढता येतो. बॅकअपच्या त्याच डी ड्राइव्हवर ३१० जीबी मोकळी आहे, म्हणजे १६ टक्क्यांच्या वर, रेषेपासून लांब. पण गेले आठवडाभर रोज साधारण ११ जीबी कमी होतेय. या वेगाने २८ दिवस. 'उरलेले दिवस' असा रकाना घातला. अंदाजच आहे, मधेच कोणी मोठी फाइल टाकली की वाकडा जाईल, पण आता जुन्या बॅकअपची साफसफाई जुलैच्या मध्यावर लावता येईल, रविवारी नाही.

९ जुलै, मंगळवार

सकाळच्या मेलमध्ये सगळ्यात वरची ओळ: चाचणी-२, उत्तर नाही, ११ दिवस. इतके दिवस ती बघून मीच म्हणत होतो की चाचणीवाले मशीन बंद ठेवतात. आज जिना चढून वर गेलो. टेबलावर मशीन नाही. चाचणीवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, "ते तर तुमच्याकडेच दिलं, परत." खाली येऊन शोधलं. आमच्याच सामानाच्या खोलीत, खोक्यात, वर पावती चिकटवलेली, २८ जूनची, खाली माझीच सही.

यादीतून नाव काढलं. उद्यापासून ४२.